कोकणच्या दमट हवेत घरचं पीठ मळताना: पाव, दिवे आणि मुलांची खेळणी

कोकणात पिठाची कुठलीही नवी कृती करायला घेतली, की आधी तिच्यातल्या पाण्याच्या मापाकडे संशयाने बघावं. पुण्या-सोलापूरच्या कोरड्या हवेत जुळवलेलं माप रत्नागिरीत किंवा मालवणात जसंच्या तसं लागू पडत नाही. ज्या हवेने बरणीतलं मीठ पाझरतं, पापड वातड होतात आणि उघडी राहिलेली बिस्किटं संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, तीच हवा मैद्याच्या डब्यातही शिरलेली असते. म्हणून पाव असो, नानकटाई असो की मुलांना खेळायला द्यायचा रंगीत गोळा, पाणी हात राखून घालायचं. आमच्या सासूबाई पोळ्यांची कणीक शिकवताना म्हणायच्या, "हात सांगता तेवढांच पाणी घाल गो." पोळ्यांसाठी सांगितलेलं हे पावालाही चालतं आणि खेळण्यांनाही.

या लेखात खायचं पीठ आणि खेळायचं पीठ अशी दोन्ही घेतली आहेत. दोन्हींना मळायची रीत बरीचशी एकच, पण भांडी, डबे आणि वेळ वेगळी ठेवायची. त्याचं कारण पुढे येईलच.

पीठ निवडताना आणि साठवताना

पावाला मैदा लागतो, कारण मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवतं. चक्कीवरच्या कणकेत कोंडा असतो. तो ग्लुटेनचे धागे तोडतो आणि पाणीही जास्त पितो. घरी मुलांना नुसता मैदा द्यायचा नसेल, तर तीन भाग मैदा आणि एक भाग कणीक असं मिश्रण घ्या. निम्मी कणीक घातलीत तरी पाव होतो, पण दडस होतो. तो लुसलुशीत होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पावसाळ्यात मैदा एकदम दोन-तीन किलो आणून ठेवू नये. एक-एक किलो आणावा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, आणि जागा असेल तर डबा सरळ फ्रिजमध्ये ठेवावा. वापरण्याआधी चाळून घ्या. जाळी धरलेली दिसली किंवा कुबट वास आला तर ते पीठ खाण्याला वापरू नये, खेळण्यालाही नाही, कारण मुलांचे हात तोंडात जातातच. यीस्टचं पाकीट एकदा फोडलं की छोट्या काचेच्या बाटलीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावं. ओट्यावर राहिलेलं यीस्ट कोकणात फार दिवस टिकत नाही. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून बघा. दहा मिनिटांत वर फेस आला तर ते जिवंत आहे.

वजनकाटा असेल तर फार बरं. वाटीने मैदा घेताना दाबून भरला की सैल भरला यावर पाव किलोमागे सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. खेळण्याच्या पिठाला मात्र वाटी पुरते.

पावाचं पीठ

सोळा पावांसाठी 500 ग्रॅम मैदा, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 25 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम लोणी किंवा तेल, आणि दूध-पाणी मिळून 300 मिलिलिटर. यातलं 260 मिलिलिटर सुरुवातीला घालायचं आणि 40 बाजूला वाटीत ठेवायचं. पावसाळ्यात मैद्याने हवेतून ओल घेतलेली असते. अर्ध्या किलोत ती दोन-तीन चमचे पाण्याइतकी भरू शकते. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्याने गोळा हाताला धरतो की ओट्याला चिकटून बसतो हे ठरतं. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी तुम्हाला हे 40 मिलिलिटर सगळं लागेल, कदाचित त्याहून चमचाभर जास्तही.

पाणी कोमट घ्या असं बहुतेक कृतींत लिहिलेलं असतं. ते थंड प्रदेशांसाठी. आपल्याकडे मार्च ते मे आणि ऑक्टोबरात नळाचं पाणीच कोमट असतं, मैदाही कोमट असतो आणि मळताना हातांची ऊब त्यात भर घालते. त्या दिवसांत थोडं फ्रिजचं पाणी मिसळून गार पाणीच वापरा आणि यीस्ट 4 ग्रॅमवर आणा. पीठ फार वेगाने फुगलं तर चव तयार होत नाही, पावाला आंबूस दारूसारखा वास येतो आणि भाजताना तो मध्येच बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेवढं कोमट पाणी घ्यावं, बोटाला सुखद लागेल इतकंच. कढत पाण्यात यीस्ट मरतं. पन्नास-साठ अंशांच्या पुढे त्यातलं काही उरत नाही.

परातीत मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ कोरडंच हलवून घ्या. मध्ये आळं करून पाणी-दूध घाला आणि कडेचा मैदा आत ओढत ओला करा. राखलेल्या पाण्याला लगेच हात लावू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा. या दहा मिनिटांत मैदा पाणी शोषतो. आधी कोरडा वाटलेला गोळा आपोआप सैलावतो आणि वाटीतलं राखलेलं पाणी लागणार की नाही ते कळतं. माझ्या मते सगळ्या कृतीत ही दहा मिनिटं सर्वांत उपयोगाची आहेत, आणि तीच बहुतेक जण गाळतात.

मग मळायला घ्या. पोळीची कणीक आपण मुठीने तिंबतो, इथे मात्र पीठ ताणायचं असतं. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने गोळा पुढे रेटायचा, लांबला की दुमडून अंगाकडे घ्यायचा, चतकोर फिरवायचा आणि पुन्हा रेटायचा. पहिली चार-पाच मिनिटं तो परातीला, बोटांना, नखांना चिकटतो. इथेच वरून मैदा भुरभुरायचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर पाव कोरडे होतील. हाताला तेलाचं बोट लावा आणि चालू ठेवा. हळूहळू परात स्वतःहून स्वच्छ होऊ लागते आणि गोळ्याचा पृष्ठभाग तुकतुकीत दिसतो. आता लोणी घाला. लोणी घातल्यावर सगळं पुन्हा विस्कटल्यासारखं, घसरडं होतं. घाबरू नका, दोन-तीन मिनिटांत ते मुरतं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं मळणं होतं.

झालं की नाही हे घड्याळाने ठरवू नका. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारी बाजूंना ताणा. पडदा इतका पातळ झाला पाहिजे की त्यामागच्या बोटाची सावली दिसावी, आणि तरी तो फाटू नये. लगेच भोक पडलं तर अजून दोन मिनिटं मळा. मुलांना हा भाग फार आवडतो. खिडकीशी उभं राहून उजेडात पडदा बघायला लावा. पीठ म्हणजे नेमकं काय, हे त्यांना त्यातून समजावून सांगण्यापेक्षा लवकर कळतं.

तेल लावलेल्या भांड्यात गोळा ठेवून ओलं फडकं झाका. उन्हाळ्यात तो पाऊण तासात दुप्पट होतो, पावसाळी गार दिवशी सव्वा तास लागू शकतो. ओलं बोट खुपसा. खड्डा तसाच राहिला तर झालं. चटकन भरून आला तर अजून वेळ द्या. बोट लावताच सगळं पीठच बसलं तर जास्त फुगलं आहे. पुन्हा मळून, गोळे करून, या वेळी कमी वेळ ठेवा. पाव थोडे कमी हलके होतील पण वाया जाणार नाहीत.

मग हवा काढून साधारण 53-54 ग्रॅमचे सोळा गोळे करा. गोळा ओट्यावर ठेवून हाताची वाटी करून फिरवला की खालून ताण बसतो आणि वरची साय गुळगुळीत होते. नऊ इंची चौकोनी ट्रेला तेल लावून चार-चारच्या ओळी ठेवा, मध्ये बोटभर जागा सोडा. अर्ध्या-पाऊण तासात ते एकमेकांना टेकतील, आणि लादीपाव हवा तर टेकायलाच हवेत. वरून दूध लावून 200 अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 18 ते 20 मिनिटं भाजा. बाहेर काढल्याबरोबर वरून लोणी फिरवा आणि पाच मिनिटांत ट्रेमधून जाळीवर काढा. ट्रेमध्येच राहिले तर वाफ खाली साठते आणि बुडं ओली होतात. दमट हवेत तर ती मग सुकतच नाहीत. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. दुसऱ्या दिवसापर्यंत संपणार नसतील तर फ्रीजरमध्ये ठेवा, कारण पावसाळ्यात घरच्या पावाला तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

बांगडे आणि कुर्ल्या

याच पिठातून मुलांना आकार करू द्या. मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं घरात असली की सोळापैकी आठ गोळे त्यांच्या नावाचे ठरवून टाकावे, म्हणजे जेवणाचे पाव वाचतात. बांगडा सगळ्यात सोपा: गोळा लांबट करायचा, शेपटाकडे चिमटायचा, आणि ओव्हनमध्ये घालण्याच्या अगदी आधी कात्रीच्या टोकाने पाठीवर तिरक्या चिमट्या काढायच्या. कात्री आडवी धरली की खवले उभे राहतात, भाजल्यावर त्यांची टोकं तांबूस होतात. चिमट्या आधीच काढून ठेवल्या तर फुगताना बुजतात. कुर्लीसाठी एक चपटा गोळा आणि आठ छोट्या वळ्या, पुढे दोन जाड नांग्या. वळ्या मुख्य गोळ्याखाली सरकवून दाबायच्या, नुसत्या टेकवल्या तर फुगताना सुटून येतात. डोळ्यांना मनुका लावायच्या, त्या आत खोल दाबायच्या, नाहीतर जळून कडू होतात. मिरीचे डोळे दिसतात छान, पण लहान मुलाच्या दाताखाली आले तर रडारड.

मुलांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. बारीक कामं फुगल्यावर दिसेनाशी होतात, म्हणून नाक-डोळे ठळक हवेत. आणि पायासारखे बारीक भाग आधी करपतात, म्हणून ते करंगळीइतके जाड ठेवायचे. आकारांना 190 अंश आणि 12 ते 15 मिनिटं पुरतात.

मळलेलं कच्चं पीठ चाटू देऊ नका. मैदा हा कच्चाच असतो. त्यात साल्मोनेला, ई. कोलायसारखे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. ओट्यावरून खाली पडलेला तुकडा सरळ फेकून द्या, खेळण्याच्या डब्यातही घालू नका.

ओव्हन नाही, किंवा लाइट गेली

पावसाळ्यात ही वेळ येतेच. पीठ दुसऱ्यांदा फुगत असताना वीज गेली तर ट्रे झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज बंद असला तरी आत काही काळ गार राहतो आणि पीठ फुगण्याचा वेग मंदावतो. दोन तासांत वीज आली नाही तर गॅसवर भाजायला घ्या.

त्यासाठी जुना, जाड बुडाचा अॅल्युमिनियमचा कुकर किंवा मोठी कढई हवी. कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग काढून ठेवा. बुडाशी दीड-दोन वाट्या जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा, त्यावर उभं राहणारं स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग पावांचा डबा आत ठेवून आच मंद करा. सहा-सात पाव अर्ध्या तासात होतात. पाणी अजिबात घालायचं नाही. रोजच्या वापरातला नवा कुकर यासाठी घेऊ नका, कोरड्या उष्णतेने त्याचं बूड वाकतं आणि मग तो वाफ धरत नाही. अशा पावांना वरून रंग येत नाही, कारण उष्णता खालून येते. तव्यावर लोणी टाकून वरची बाजू मिनिटभर परतली की काम होतं. हेच मीठ गाळून बरणीत भरून ठेवा, पुन्हा पुन्हा भाजायलाच वापरा.

नानकटाई कढईत पावापेक्षा चांगली होते. 120 ग्रॅम तूप, 110 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसायची, बाकीचं हलक्या हाताने मिसळायचं, मळायचं नाही. इथे ग्लुटेन आपल्याला नको आहे. कोकणात अडचण तुपाची. थंडीचे दोन महिने सोडले तर ते पातळच असतं आणि नानकटाई ट्रेवर पसरून पोळी होते. म्हणून तूप आधी फ्रिजमध्ये लोण्याइतकं घट्ट करून घ्या आणि वळलेल्या नानकटाया पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ओव्हनमध्ये 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं, कढईत मंद आचेवर 25 मिनिटांच्या आसपास. गरम असताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. दिवाळीच्या आधी गावच्या बेकरीत साहित्य देऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत अनेक ठिकाणी अजून आहे. मोठ्या प्रमाणात करायची असेल तर मला तीच योग्य वाटते. भट्टीच्या उष्णतेची बरोबरी घरचा ओव्हन करू शकत नाही.

दिवे आणि निवगऱ्या

मुलांनी पिठातून काही घडवावं आणि ते खाताही यावं, याची सोय आपल्या सणांत आधीपासून आहे. आषाढातल्या दीप अमावास्येला कणकेचे दिवे करतात. दोन वाट्या कणकेत एक मोठा चमचा कडक तुपाचं मोहन आणि चिमूटभर मीठ घाला. पाऊण वाटी गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घ्या आणि लागेल तसं घालत घट्ट मळा. गुळाचं पीठ झाकून ठेवलं की सैल होत जातं, म्हणून मळल्याबरोबर दिवे करायला बसा. लिंबाएवढा गोळा, अंगठ्याने मध्ये खळगा, एका बाजूला चिमटून वातीचं तोंड. कडा पातळ झाल्या तर वाफेत पडतात. मोदकपात्रात तूप लावलेल्या चाळणीवर 15 ते 20 मिनिटं वाफवा. पूजेनंतर दिवा तूप घालून खायचा. चार-पाच वर्षांच्या मुलालाही हे नीट जमतं, आणि आपण केलेला दिवा लागलेला बघण्यात त्याला जो आनंद होतो तो विकतच्या क्ले-सेटने होत नाही.

तांदळाच्या उकडीतही तसंच. एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ, उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं झाकण. तांदळात ग्लुटेन नसतं. उकडीचा चिकटपणा येतो तो गरम पाण्याने फुललेल्या पिष्टातून. म्हणून उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी लागते, आणि गार पाण्यात कालवलेल्या पिठीला तो लवचीकपणा कधीच येत नाही. गणेश चतुर्थीला मोदक होऊन उरलेल्या उकडीत मिरची-जिरं वाटून, कोथिंबीर आणि मीठ घालून निवगऱ्या करतात, त्या मुलांकडे सोपवा. चपटी, चांदणी, मासा, काहीही आकार चालतो. उकड ओल्या फडक्याखाली ठेवायची, उघडी राहिली की चिरा पडतात. ज्या मुलांना गव्हाचं चालत नाही त्यांच्यासाठी खेळायलाही उकडच बरी.

खेळायचा गोळा

इथून पुढची पिठं खायची नाहीत. खेळण्याच्या पिठात मीठ इतकं असतं की मोठा तुकडा लहान मुलाने गिळला तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला जाऊ शकतं. कुत्र्यांच्या बाबतीत तर हे जिवावर बेततं. तीन वर्षांखालच्या मुलाला हे पीठ एकटं देऊ नका, घरात कुत्रा-मांजर असेल तर ओसरीवर वाळत टाकू नका, आणि ज्या दिवशी पाव करायचे त्याच दिवशी खेळण्याचं पीठ करू नका. एका ओट्यावर दोन्ही गोळे असले की लहान मुलाला फरक कळत नाही. बोटाला चीर असेल तर मीठ झोंबतं, तेही आधी बघून घ्या.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल आणि एका लिंबाचा रस. परदेशी कृतींत क्रीम ऑफ टार्टर नावाची आंबट पूड सांगतात. चिपळूण-कणकवलीत ते शोधत फिरायची गरज नाही. आंबटपणा लिंबू देतं. त्याने गोळा लवचीक राहतो आणि लवकर खराब होत नाही. लिंबाऐवजी चमचाभर लिंबूसत्त्वही चालतं.

सगळं गार असतानाच कढईत घालून गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर ठेवा. सुरुवातीला पातळ घोल असतो, दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग बुडाशी गोळे धरू लागतात आणि एकदम सगळं उलथण्याभोवती जमा होतं. बऱ्याच जणी इथेच गॅस बंद करतात आणि गोळा चिकट राहतो. अजून मिनिटभर परता. चिमूटभर घेऊन बोटांत दाबा. बोटं कोरडी राहिली तर उतरवा. आतून तो बराच वेळ कढत असतो, म्हणून पहिलं मळणं मोठ्यांनीच करावं. मळून झाल्यावर तो कानाच्या पाळीसारखा मऊ लागला पाहिजे. चिकट वाटला तर पुन्हा कढईत घाला, कोरडा मैदा भुरभुरून उपयोग नाही. फुटत असेल तर पाण्याचे थेंब आणि थोडं तेल.

घट्ट डब्यात हा गोळा कोरड्या दिवसांत महिनाभर सहज टिकतो. जून ते सप्टेंबर तो फ्रिजमध्येच ठेवा आणि खेळून झाल्यावर लगेच डब्यात घाला. पावसाळ्यात उघडा राहिलेला गोळा सुकायच्या ऐवजी ओला होतो, त्याला पाणी सुटतं. असं झालं तर कढईत दोन मिनिटं परतून घ्या. काळे-हिरवे ठिपके किंवा आंबूस वास आला तर मात्र फेकायचा.

रंग परसातून

हळदीचा पिवळा सर्वांत पक्का, चिमूटभर पुरते. पालक वाटून गाळलेलं पाणी हिरवा देतं, पण ते दोन दिवसांत तपकिरीकडे झुकतं. बिटाचा रस शिजताना फिका पडतो, म्हणून गोळा कोमट झाल्यावर त्यात मळा आणि तेवढं पाणी आधी कमी घ्या. कोकमाचा आगळ सुंदर लालसर गुलाबी देतो. तो आंबट असल्याने लिंबू वगळा, आणि तो मिठाचा असेल तर मीठही थोडं कमी करा.

गोकर्णाची निळी फुलं अनेकांच्या कुंपणावर असतात. दहा-पंधरा फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवली की गडद निळं पाणी मिळतं. हे पाणी लिंबाच्या गोळ्यात घातलं तर जांभळं होतं, लिंबू वाढवलं तर गुलाबीकडे जातं. निळाच हवा असेल तर त्या गोळ्यात लिंबू घालू नका. हळदीच्या गोळ्यावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका, तिथे तांबडा डाग उमटतो. मुलांना हे दोन्ही प्रयोग रंग करतानाच दाखवा. शाळेतलं आम्ल-आम्लारी त्यांना तिथे दिसतं. कपड्यांवर हळद आणि बीट पडणारच, तेव्हा जुने कपडे घालायला द्या.

वाळवून ठेवायच्या वस्तू

मुलांनी केलेली पणती, तोरणाची फुलं, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे टिकावेत असं वाटलं की बहुतेक ठिकाणी मिठाचं पीठ सुचवलं जातं: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी, शिजवायचं नाही, घट्ट मळायचं. ते ओव्हनमध्ये 100 ते 110 अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की कडक होतं. पण कोकणात यात एक मूळचीच अडचण आहे. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस त्याच्या वर असते. मार्चमध्ये खणखणीत झालेलं फूल जुलैत भिंतीवर मऊ पडतं, रंग ओघळतो. मिठागरातलं जाडं मीठ तर आणखी लवकर पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि ते मिठाहूनही पाणी ओढणारे. शिरोड्याचं मिठागर 1930 च्या सत्याग्रहामुळे मुलांना पुस्तकात भेटतं. तिथलं मीठ असं का ओलसर असतं, तेही याच वेळी सांगून टाका.

म्हणून मिठाच्या पिठाच्या वस्तू नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच कराव्या, बारीक शुद्ध मीठ वापरावं, जाडी बोटाच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये, आणि रंगवून झाल्यावर पुढे-मागे-कडांना व्हार्निशचे दोन हात द्यावेत. एक जागा उघडी राहिली तरी ओल तिथून शिरते.

माझं मत विचाराल तर कोकणात टिकाऊ वस्तूंसाठी मीठ सोडूनच द्यावं आणि सोडा-कॉर्नफ्लॉवरची पांढरी माती करावी. एक वाटी कॉर्नफ्लॉवर, दोन वाट्या खाण्याचा सोडा, सव्वा वाटी पाणी. सोडा वाण्याकडून सुटा घ्या, छोट्या पाकिटांनी महाग पडतो. सगळं मिसळून मंद आचेवर सतत ढवळा. आधी दुधासारखं पातळ असतं, मग घट्ट होत जातं. चमचा मध्ये उभा राहिला की लगेच उतरवा. जास्त शिजलं तर माती भुसभुशीत होते. ताटात काढून ओल्या फडक्याखाली गार करा आणि मळा. ही माती मऊ, पांढरीशुभ्र, बोटांचे ठसेसुद्धा उचलणारी. हीही खायची नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं मुलांना आणून दाखवा आणि तशी फळं करायला सांगा: केळं, आंबा, फणसाचा गरा, काजूचं बोंड. प्रत्यक्ष आंबा समोर ठेवून केलेल्या फळात देठाजवळचा खळगा, चोचीची बाजू हे सगळं आपोआप येतं. आंबा भरीव केला तर आत ओल राहून वरून तडा जातो. कागदाचा घट्ट गोळा चिकटपट्टीने बांधा आणि त्यावर मातीचा पातळ थर चढवा. लटकवायच्या वस्तूला भोक ओलं असतानाच काडीने पाडा, वाळल्यावर पाडायला गेलं की फुटते.

वाळवण जाळीवर किंवा सुपात, सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी. थेट उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि चिरतो. दर काही तासांनी पालथं करा. डिसेंबरात दोन दिवस, पावसाळ्यात पंख्याखाली चार-पाच दिवस. घाई असेल तर पाव भाजून झाल्यावर ओव्हन बंद करा, दार थोडं उघडं ठेवून पंधरा मिनिटांनी वस्तू आत ठेवा. उरलेल्या उष्णतेत त्या छान सुकतात आणि वीजही लागत नाही. पोस्टर कलर या मातीवर नीट बसतात. पहिला हात पातळ द्या, सुकल्यावर दुसरा.

खेळून-खेळून निकामी झालेला मिठाचा गोळा जास्वंदीच्या किंवा तुळशीच्या कुंडीत टाकू नका, मिठाने झाड मरतं. माडाला थोडं मीठ चालतं, आपल्याकडे आळ्यात घालतातही, पण तिथेही तो हातभर खोल पुरा, कारण कुत्रा उकरून खाईल. माड नसेल तर पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, आणि पिशवी कुत्र्यांना सापडेल अशी कुंपणाबाहेर ठेवू नका.